हातावरचे तांदूळ

मंगळवार, दिवेलागण

उद्या दिल्लीत महापालिकेचं मतदान. आमच्या गावची सात घरं तिथल्या झोपडपट्टीत राहतात. दिवाळीला ती गावी आली, तेव्हा पुजारी म्हणून मीच देवळात त्यांच्या हातावर तांदूळ ठेवून शपथ घ्यायला लावली, की मत तिथल्या जुन्या नगरसेवकालाच. झोपड्या वाचवीन म्हणाला होता. कशाला केलं मी हे?

आज त्यांच्यातल्याच माझ्या चुलतवहिनीचा दिल्लीहून फोन. झोपड्या पाडायच्या ठरावावर त्याचीच सही आहे.

"मोडून टाका शपथ," मी म्हणालो.

"देवासमोर तांदूळ घेतले ना जी! तुमीच देवाले इचारून सांगा, भाऊजी."

देवळात बसून आलो. विचारायचा धीर झाला नाही. फोन करून सांगितलं, देवानं मोकळं केलं.

"तुमच्या तोंडून देवच बोलला जी," ती म्हणाली.

उद्या पहाटे पूजा माझ्याकडेच आहे.