सायकलचा चिमटा मीच बदलला

बाबा, आज मी माझ्या सायकलचा पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा बदलला, आणि हात धुता धुता तुमच्यावर इतका राग आला, की तुम्ही जाऊन किती वर्षं झाली हेही विसरले.

शाळेत शिकवायला जायला मी शॉकअपवाली स्वस्तातली सायकल घेतली होती. हळूहळू ब्रेक दाबला की पुढून खटखट व्हायला लागलं, चिमटा हलायला लागला. आदिलाबादच्या दुकानात नेली. दुकानदारानं अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, साब को भेजो, उनको समझाता." साब कोणी नाहीत, सायकल माझी आहे, म्हटलं. त्यानं हँडलखालचा नट आवळून दिला. आवाज तसाच, म्हणून परत गेले, तर म्हणतो, "लेडीज लोगां को ऐसाइच लगता." बाकावर बसलेली गिऱ्हाइकं हसली. त्याच आठवड्यात गुडीहत्नूरच्या रस्त्यावर उताराला ब्रेक दाबला आणि चाक असं थरथरलं, की मी कडेच्या कपाशीत जाऊन पडले. मागून ट्रक येत होता, बाबा.

मग मी शॉकअप नसलेला साधा चिमटा मागवला आणि अंगणात नट खोलायचे पाने मांडून बसले. पाना हातात घेतला आणि तुम्ही समोर उभे! मी सातवीत आहे, तुमच्या सायकलचं चाक खोललंय, बेअरिंगचे छर्रे ताटलीत काढून ठेवलेत. तुम्ही शाळेतून शिकवून येता, पाना हिसकावता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडता, "हात काळे करून राह्यली काऊन? आपले ते दिवस गेले आता. तुले मास्तरीन व्हाचं हाय." आजा-आजीनं दुसऱ्यांच्या शेतात हात झिजवले, म्हणून तुम्ही चिडलात, ते कळतं मला. पण दुसऱ्या दिवशी तेच चाक बसवायला तुम्ही दादाला बोलावलं. त्याचे हात काळे झालेले चालत होते? माझ्या पोरीला पुढच्या बाकावर बसू द्या म्हणून हेडमास्तरांशी भांडलेला माणूस तुम्ही! झाले की मी मास्तरीण. मास्तरणीनं पाना धरू नये, हे कोणत्या पुस्तकात शिकवलं होतं तुम्हाला?

जुना चिमटा काढून पाहिला तर त्याचा एक पाय गंजून गच्च बसलेला, दुसरा आतून झिजून पार मोकळा. तसाच उचलला, दुकानात नेला आणि काउंटरवर आदळला. "ये भी मेरेकु ऐसाइच लगता था क्या?" दुकानदार उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "कौन खोले ये?"

"मैं खोली."

त्यानं माझ्या मागे पाहिलं, कोणी पुरुष उभा आहे का म्हणून. तुम्हीही पाहिलं असतं, बाबा, मला खात्री आहे.

हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार! पण लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते. नवा चिमटा पहिल्यांदा मी उलटाच बसवला होता. ब्रेक मागच्या बाजूला आले, तेव्हा कळलं. दुकानात हे बोलले नाही, दादालाही सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं ते फक्त तुम्हाला.