दर दहा वर्षांनी तेच तीन प्रश्न

मी, वय वर्षे चोपन्न, धंद्याने चष्मेवाला, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाचेही न ऐकता (घरचे म्हणतील, यात नवीन ते काय) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. कामे वेळेवर उरकलेली बरी, एवढेच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नीची. यावर वाद झाला तर मी ऐकायला नसेन, ही त्यातली सोय.

२. दुकान आणि चाचणीच्या भिंगांची पेटी मुलीला. भिंगे दोनशे बत्तीस, मोजून घ्यावीत. भिंग कडेला धरायचे, मधोमध बोट लावायचे नाही. तिला हे शंभरदा सांगितले आहे. आता लेखी देतो.

३. नऊ वह्याही मुलीलाच. माणसाचे मन वयानुसार कसे बदलते याचा तीस वर्षांचा अभ्यास त्यांत आहे. शिकवायला कुणी नव्हते, पद्धत माझी मीच बसवली. माणसे त्रेसष्ट. दर दहा वर्षांनी प्रत्येकाला तेच तीन प्रश्न: आता भीती कशाची वाटते? तुमच्यावर अन्याय कुणी केला? दहा वर्षांनी तुम्ही कसे असाल? जुने उत्तर आधी दाखवायचे नाही, हा नियम. दाखवल्यावर बहुतेक जण म्हणतात, "छे, हे मी म्हणालोच नाही!" एकाने नवव्या वर्षी लिहिले, "कुत्र्याची." एकोणिसाव्या वर्षी, "कशाचीही नाही." एकोणतिसाव्या वर्षी, "मुलगी जिन्यावरून पडेल याची." पुढची फेरी मुलीने घ्यावी. कुणाला आपली पाने परत हवी असतील तर मुकाट्याने द्यावीत.

४. ज्या प्राध्यापकांनी वह्या चाळून "चष्मेवाल्यांनी चष्मे बघावेत" असा शेरा मारला, त्यांना वह्या पुन्हा बघायच्या असतील तर अवश्य दाखवाव्यात. दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसवून. चहा विचारावा, पण एकदाच.

५. थोरल्या भावाविषयी. जुन्या मृत्युपत्रात लिहिले होते: "दादाला काहीही देऊ नये, कारण त्याला ठाऊक आहे." त्याने मला कॉलेजात जाऊ दिले नाही, म्हणून वीस वर्षे मी त्याच्याशी कामापुरतेच बोलतो. वह्यांत पहिला माणूस मीच. गेल्या महिन्यात माझी चौथी फेरी झाली. दुसऱ्या प्रश्नापुढे "दादाने" असे लिहून दोनदा अधोरेखित केले आणि मग नियमाप्रमाणे मागची पाने उघडली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी: "दादाने."
चौतिसाव्या वर्षी: "थोडाफार दादाने."
चोविसाव्या वर्षी: "कुणीही नाही. दादा फी भरायला निघाला होता. मीच म्हटले, मला मास्तरांची गरज नाही, माझे मी शिकेन."

अक्षर माझेच. शाईही माझीच. दिवसभर दुकान उघडले नाही.

म्हणून दुकानामागची तळमजल्यावरची खोली दादाला द्यावी. त्याचे गुडघे गेले आहेत, तीन जिने चढून घरी जातो. माझ्या पश्चात हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. चूक माझी होती.

कलम पाचची दुरुस्ती, त्याच आठवड्यात. मसुदा पत्नीने वाचला. म्हणाली, "म्हणजे माफी मेल्यावर मागणार? आणि तोवर भाऊजींनी जिने चढायचे? तुमच्या आधी तेच गेले म्हणजे?"

वही काखेत मारली आणि तीन जिने चढलो. दादा खिडकीशी बसून रेडिओचे स्क्रू काढत होता. पान वाचून दाखवले.

"हे खोटं आहे," दादा म्हणाला.

"अरे, माझं अक्षर आहे!"

"असेल. मला वाचवायला लिहिलं असशील. घरात दुसरा कमावता हवा होता मला, मीच तुला अडवलं. पस्तीस वर्षं तेच डोक्यात आहे माझ्या."

"फी घेऊन तूच निघाला होतास, दादा!"

"तुला जास्त आठवतं की मला? मोठा कोण आहे?"

तासभर भांडलो. इतके सलग आम्ही वीस वर्षांत बोललो नव्हतो. वहिनीने दोनदा येऊन बघितले आणि हसत परत गेली.

खोली मी हयातीतच दिली. मंगळवारी सामान आले, रेडिओ अजून उघडाच आहे. सबब कलम पाच रद्द. वकीलबाईंचे म्हणणे, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीला राहू नये. दादाला आता यातून काहीच मिळत नाही. त्यामुळे तो मोकळा आहे.

स्थळ: दुकानामागची खोली. रविवार, ११ जून, सकाळी साडेदहा.

लिहून देणार: चष्मेवाला (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या शिंपीणबाई (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, निवृत्त टर्नर (सही). सही करताना म्हणाला, "चूक माझी होती, हेही लिही." लिहिले आहे. मला मान्य नाही.