काचेला चिकटलेली आई

आई, तुझा फोटो साफ करून झाला. पूर्ण झाला. तू गेल्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि इतक्या वर्षांनी मी तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून बघितलं.

तोच फोटो, घाटकोपरच्या स्टुडिओतला. तू रात्रशाळेतून दहावी झालीस तेव्हा शाळेनं दिलेलं प्रशस्तिपत्रक हातात धरून काढलेला. मी दहा वर्षांची होते. दिवसभर मुलुंडच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायची, संध्याकाळी येऊन भाकऱ्या टाकायच्या आणि मग शाळा गाठायची, असा तुझा दिवस. एकदा तुझ्या भूगोलाच्या वहीचं पान फाडून मी होडी केली. तू तव्यावरची भाकरी करपू दिलीस आणि ओरडलीस, "तुझ्या वहीला मी कधी हात लावते का गं?" मार बसला असता तर एव्हाना विसरले असते. आईचीही वही असते, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन वर्षांनी तू गेलीस. घर बदलताना प्रशस्तिपत्रक, गुणपत्रिका, सगळंच हरवलं. फोटो ओल्या भिंतीवर राहून फ्रेमच्या काचेला चिकटला, तुझ्या अर्ध्या चेहऱ्यावर बुरशी चढली. मग काका दर कार्यक्रमात म्हणायला लागले, "वहिनी परीक्षेला बसली होती, पास कुठं झाली?" मी भांडायचे. पण दाखवायला हातात काय होतं?

गेल्या वर्षी फोटो घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काच काढली तर चेहरा काचेबरोबर जाणार." मग त्यानं कॉम्प्युटरकडून तुला नवाच चेहरा बनवून दिला. तो कुर्ल्याच्या मावशीला दाखवला. तुझी धाकटी बहीणच ती, तिनं एका नजरेत निकाल लावला. "ही कोण गं? साबणाच्या जाहिरातीतली वाटते. आपली आक्का कुठंय?"

तेव्हाच ठरवलं, नवं काही बनवायचं नाही. जे आहे तेच शोधायचं, आणि मीच शोधायचं. तुझ्या नातीच्या लॅपटॉपवर शिकले. दिंडोशीच्या आमच्या घरात रविवारची दुपार, पडदे ओढलेले. नात बाजूनं टॉर्च तिरपा धरते आहे, मी काचेवरूनच फोटो काढते आहे, एकामागून एक. "अजून खाली धर गं." "आई, हात दुखला यार!" आणि एकदा उजेड असा काही पडतो की बुरशीखालून तुझी डावी भुवई वर येते, लहानपणी पडलेल्या खोकेच्या खुणेसकट, आणि तिच्याखाली डोळा. "आई, आज्जी दिसली!" नात किंचाळते. डोळा गेलाच नव्हता. बुरशीच्या आड तू उघड्या डोळ्यांनी बघत बसली होतीस.

पुढे चार महिने ते सगळे फोटो एकावर एक बसवून एकेक डाग पुसत गेले. मान अवघडायची, घरचे हसायचे. मग एका रविवारी तुझ्या हातातला कागद मोठा करून बघितला आणि अक्षरं लागली. शालान्त परीक्षा उत्तीर्ण.

बुद्धपौर्णिमेला मावशीकडे सगळे जमले होते. मी मोठा करून छापलेला फोटो काकांच्या हातात दिला.

"वाचा ना काका. मोठ्यानं."

त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला. "उत्तीर्ण," ते म्हणाले. मग हळू आवाजात, स्वतःशीच, "उत्तीर्ण." चष्मा काढला आणि म्हणाले, "चुकलंच माझं. इतकी वर्षं चुकलं." मावशीनं तोवर फोटो ओढून घेतला होता. "हीच! हीच माझी आक्का! बघा कशी ऐटीत बसलीये!" वाटीतली खीर गार झाली, फोटो या हातातून त्या हातात फिरत राहिला, आणि मी इतकी मिरवले, आई, की विचारू नकोस.

हे पत्र पाठवणार कुठे? लॅपटॉपमध्येच ठेवते. एक सांगायचं राहिलं. फोटोत तू चौतीस वर्षांची आहेस, मी आता त्रेपन्न. काल तुला भिंतीवर लावताना माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास पोरी." रागावू नकोस.