पट्ट्याविना खिट्टी

ताईस नमस्कार आणि माझ्या भाच्याला पापा.

मी मजेत आहे. खोली कोंदट असली तरी खानावळ बरी आहे. आईला म्हणावं, वाळलो नाही. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आता हात बसलाय. सीटकव्हर एकटा चढवतो.

पण इथे सगळ्यात जास्त काय खपतं सांगू? सीटबेल्टची नुसती खिट्टी, पट्ट्याशिवाय. बेल्ट लावला नाही की गाडीत टिंगटिंग वाजतं ना, ते ही खिट्टी खाचेत अडकवली की बंद होतं. मागताना कुणालाच संकोच वाटत नाही. एकाने तर पोलिसाला दाखवायला पट्टा छापलेला शर्ट मागितला.

काल एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर बाळ होतं. नवरा म्हणाला, "दोन द्या. त्या आवाजाने बाळ दचकून उठतं हो." मी बघतच राहिलो. मालक म्हणाले, "बघतोस काय, दे की." दिल्या.

संध्याकाळी तुझा फोन आला, दाजींच्या नव्या गाडीतून. बाळ मांडीवर झोपलंय, त्यामुळे पट्टा लावता येत नाही, म्हणालीस. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, तुझ्यामागे टिंगटिंग ऐकूच येत नव्हतं.

फोनवर दाजी शेजारी असतात, म्हणून लिहितोय. खाचेत काही अडकवलं असेल, तर काढून फेकून दे. बाळ उठलं तर उठू दे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा