चाळीस पानी नियम

प्रिय दादा,

मला गोवर आला तेव्हा तू उशाशी बसून फासा टाकायचास आणि मी गोष्टीतली दरोडेखोर व्हायचे. "आजारी दरोडेखोर घोड्यावर बसेल का?" मी विचारायचे. "गोष्टीत शोभलं तर बसेल." आपला नियम तेवढाच.

आता त्याच खेळाचे चाळीस पानी नियम लिहून माझ्या नातवंडांना पाठवलेस. काल धाकटीने स्वतःसारखीच लंगडी दरोडेखोर घेतली आणि भिंतीवरून उडी मागितली. थोरल्याने पान उलटलं. "लंगड्याला उडी नाही. आजोबांचा नियम आहे." ती काठी घेऊन उठली, ती जेवायलाही आली नाही.

लिहिताना तुला तिची आठवण झाली नाही? बाकी मी बरी आहे. तुझा खोकला कसा आहे?

नियम परत पाठवतेय. तुझ्याकडचा आपला जुना फासा धाकटीला पाठव. थोरल्याला पत्र लिही, चूक आजोबांची होती म्हणून.

तुझीच,
दरोडेखोर