गेटर म्हणजे काय रे, प्रितम?

॥ श्री ॥
पडघा, ता. भिवंडी
१२ फेब्रुवारी २००६

चि. प्रितम यास आजोबांचे अनेक आशीर्वाद.

धप्प... चुळ, धप्प... चुळ. तुझं पत्र वाचता वाचता हा आवाज कानात आला, आणि मी चष्मा काढून तसाच बसून राहिलो. माझे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, पोलिसात हवालदार होते. आषाढात रानडुकरं भातात शिरली की गाववाले त्यांना बंदूक घेऊन बोलवत. त्या काळी मनाई नव्हती. आता आहे, आणि ती असावीच. तिन्हीसांजेला ते चिखलातून परत येत. डावा पाय जरा अधू, तो जड पडे. उजवा हलकेच पाण्यातून निघे. मी पडवीत वृत्तं घोकत बसलेला, पुढे मराठीचा मास्तर व्हायचं होतं ना. त्यांचा डावा पाय गुरू, उजवा लघू, असं मी मोजत असे तोवर ते दारापर्यंत यायचे. चुळ म्हणजे खरं तर दोन लघू होतात, पण तेवढी सूट मी बापाला देत असे.

असो. तू लिहितोस की तिकडे न्यूझीलंडात ज्या गोठ्यावर तू काम करतोस, तिथल्या शेजारच्या हेदर नावाच्या मुलीशी तुला लग्न करायचं आहे. ती म्हणते आधी माझ्याबरोबर पावसात डोंगरात हरणाच्या शिकारीला चल, मग सांगते. आणि तिचा होकार आला तरी माझा हवाच, असं तू लिहितोस. नंतर लिहितोस, की त्यासाठी गेटर घ्यायचे आहेत आणि कुठले घ्यावेत ते कळत नाही.

बाळा, मी फार गोंधळलो. गेटर मला ठाऊक आहे. टायर फाटलं की आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतात, तो गेटर. पण डोंगरात गाडी जाते का? मी मुद्दाम मानकोलीच्या नाक्यावर गेलो. तिथे आपल्या काळूरामचं पंक्चरचं दुकान आहे. त्याने विचारलं, काका, गाडी कंची? मी म्हटलं, पायी जाणाऱ्यासाठी हवाय. तो माझ्याकडे बघतच राहिला, पण बिचाऱ्याने मोटारसायकलच्या टायरचा चांगला पातळ तुकडा कडा तासून दिला. आज पार्सल केला आहे. तुझी आजी म्हणते की पोरगा हरणाच्या मागं चाललाय का टरकाच्या, ते आदी इचार.

हेदर हे नाव आजी इधर असंच ऐकते. इधरवाली उधर कशाला राहते, असं तिचं म्हणणं. बाकी विषयावर सवडीने लिहीन.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं आजी चुकीचं सांगते, तेव्हा पत्रच लिहीत जा. माया आहेच, ती पावसात भिजवू नकोस.

तुझा,
आजोबा (बाळाराम भोईर)


होकिटिका, न्यूझीलंड
८ मार्च २००६

ती. आजोबांस प्रितमचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं, पार्सल अजून नाही. वाचून एवढा हसलो की गाई वळून बघायला लागल्या. आजोबा, हा गेटर टायरचा नाही, पायाचा! बुटाच्या वरून गुडघ्यापर्यंत गुंडाळायचं जाड कापड. खाली एक हूक, तो बुटाच्या नाडीत अडकवायचा. तळव्याखालून एक पट्टा जातो, म्हणजे गेटर वर सरकत नाही. वर गुडघ्याखाली आवळायचं. ओलं गवत, चिखल, खडे, काही बुटात जात नाही. इथे पाऊस आपल्या आषाढासारखा, फक्त थंड. आणि हरणं इथली मूळची नाहीत, बाहेरून आणून सोडलेली. ती जंगल खाऊन टाकतात म्हणून सरकारच परवाना देतं. तेव्हा काळजी नको.

दुकानात गेलो तर डोकंच फिरलं. घोट्याएवढे आखूड, गुडघ्याएवढे उंच, चेनवाले, चिकटपट्टीवाले. आखूड हलके, पण गवत कमरेएवढं. चेन सोपी वाटते, पण दुकानदार म्हणाला की चिखल भरला की ती जाम. मग चिकटपट्टीवाले उंच घेतले, चकचकीत नायलॉनचे, पाण्याचा थेंब थांबत नाही. घरी येऊन हेदरला चालून दाखवलं. ती आधी तोंड दाबून हसली, मग म्हणाली की यांची सर्र-सर्र तुझ्या गावापर्यंत ऐकू जाईल, हरणाचं सोड. तिचे लोकरीसारख्या मऊ कापडाचे आहेत, जरा ओले होतात, पण मुके. मी म्हटलं बदलून आणतो. तर म्हणाली, राहू दे, तू निवडलेस ना, आता तूच निस्तर.

त्यात भर म्हणजे मी डावा उजव्या पायात घातला होता. बकलं आतल्या बाजूला आली, एकमेकांत अडकली आणि मी तिच्या आईच्या कोबीच्या वाफ्यात आडवा.

आजोबा, तुम्ही टायरवर पानभर लिहिलंत. हेदरवर एकच ओळ, आणि तीही आजीची. ती रोज विचारते की घरून काय आलं. मी सांगतो, पार्सल येतंय.

आजीला नमस्कार. रागावला नसाल तर आठवण काढा, रागावला असाल तर जास्तच काढा.

तुमचा,
प्रितम


॥ श्री ॥
पडघा
२७ मार्च २००६

चि. प्रितम यास अनेक आशीर्वाद.

अरे, म्हणजे पट्ट्या! आधी सांगायचं नाही का? पणजोबांच्या खाकी लोकरी पट्ट्या आपल्या ट्रंकेत अजून आहेत. काल काढून उन्हात टाकल्या. आजीने विचारलं की कोनाला बांधताव, मेलेल्याला का जित्त्याला. मी माझ्याच पायाला बांधून बघितल्या. घोट्यापासून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, आणि शेवटची गाठ बाहेरच्या अंगाला. बाबा म्हणत की आतल्या अंगाला गाठ बांधतो त्याला डुकराची गरज नाही, तो आपला आपणच पडतो. कोबीवरून आठवलं.

आता नीट ऐक. कोरडा पाय हवा की मुका पाय, हे आधी ठरव. दोन्ही एकदम मिळत नाहीत. बाबांच्या पट्ट्या भिजून जड होत, पण आवाज करत नसत. आवाज फक्त चिखलाचा, आणि चिखलाचा आवाज जनावरालाही ओळखीचा असतो. तुझे गेटर चमचमीत यमकासारखे आहेत. कानाला मोठे, अर्थाला छोटे. वरून जुन्या गोणपाटाचा नाहीतर लुगड्याचा वेढा घाल. आजी एक जुनं लुगडं द्यायला तयार आहे, पण पोचेल कधी? पावसात विजार गेटरच्या आत घालायची की बाहेर, हेही मला कळत नाही. आत घातली तर मांडीवरून ओघळणारं पाणी सरळ गेटरात उतरणार. छपराची पन्हळ बादलीत सोडावी तसं. विचार कर.

इथे जमीन तापली आहे. पण आषाढात बसस्टॉपपासून आपल्या दारापर्यंतचा रस्ता तुला माहीत आहे, चप्पल एकीकडे आणि आपण दुसरीकडे. तेव्हा वाटतं, गेटर खरे इथेच हवेत.

हेदरचं. बाळा, मी टाळतोय असं समजू नकोस. तीनदा लिहायला बसलो. मला ती मुलगी नको आहे असं नाही. आजीला तर ती आवडलीच आहे. जी हरीण मारते ती बोंबील साफ कराला लाजणार न्हाय, असं तिने शेजारच्या ठकुबाईलाही सांगून टाकलं. पण मी हो म्हटलं की तू तिकडचा झालास, असं मला वाटत राहतं. या दारात तुझे पाय मी कधी मोजायचे? छंदशास्त्रात 'न' लघू आहे, झटकन निघतो. 'हो' गुरू आहे, त्याला दोन मात्रा लागतात. माझी एक मात्रा झाली आहे. दुसरी सापडत नाही.

सांभाळून जा. जीव तुझा, पण त्यातला थोडा आमचाही आहे, हे डोंगर चढताना ध्यानात असू दे.

तुझा,
आजोबा


होकिटिका
२ मे २००६

ती. आजोबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा सल्ला मी डोंगरावरून उतरल्यावर मिळाला. लुगड्याचं आधी कळलं असतं तर आज हरणाचं मटण खात हे पत्र लिहिलं असतं. पण तुमचं टायर मात्र वेळेवर आलं. निघायच्या सकाळीच. हेदरने विचारलं हे काय. मी म्हटलं, गेटर. ती म्हणाली, तुझ्या आजोबांना एकदा भेटायलाच हवं. मी ते पिशवीत टाकलं, ओल्या दगडावर बसायला होईल म्हणून.

पहिल्या दिवशीच कळलं की पावसाची विजार गेटरच्या बाहेरून सोडायची, छपराचं पाणी भिंतीबाहेर पडतं तशी. हे तुम्ही न बघता ओळखलंत! ओढे ओलांडताना मात्र काहीच उपाय नाही, पाणी येतंच. गेटर असला की खडे तरी येत नाहीत, आणि पलीकडे गेल्यावर पाय चालून चालून गरम होतात.

दुसऱ्या दिवशी हेदर लंगडायला लागली. विचारलं तर काही नाही म्हणे. ती अशीच आहे, दुखणं सांगत नाही. शेवटी मी तिला जबरदस्तीने बसवलं. डाव्या गेटरचा तळव्याखालचा पट्टा दगडांवर घासून तुटला होता. गेटर वर सरकलेला, बुटात वाळू नि पाणी, टाचेचं सालटं निघालेलं. तिच्याकडे जादा दोरी होती, ती तासाभरात तुटली. मग मला काळूराम आठवला. सुरीने टायरची एक पट्टी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, दोरीने गेटरला बांधली. आजोबा, तो पट्टा घरापर्यंत टिकला. अजून आहे! ती चालली की डावा पाय जरा जोरात वाजतो, एवढंच.

आणि हरीण दिसलं. सांबराएवढं, धुक्यात उभं, मान वर करून ओरडत होतं. हेदरने बंदूक उचलली, मी नीट दिसावं म्हणून एक पाय पुढे टाकला. सर्र. गेलं. मला वाटलं लग्नही गेलं. ती बंदूक खाली ठेवून हसत सुटली, चिखलातच बसली. परत येताना म्हणाली, माझं ठरलं. हरीण पुढच्या वर्षीही येईल.

पण तिची आता आणखी एक अट आहे. तुमच्या तोंडचा होकार तिला हवा, माझ्या तोंडून नको. मी तुमचं दोन मात्रांचं तिला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं. मग गावाचं नाव कागदावर लिहून घेतलं, आणि तिथला चिखल किती खोल असतो ते विचारलं. जूनमध्ये ती मावशीकडे लंडनला जाणार आहे. मला दिवाळीपर्यंत सुट्टी नाही, पण दिवाळीला नक्की येतो. मी तिकडचा झालेलो नाही, आजोबा. तुम्ही एक मात्रा लिहिलीत, दुसरी लवकर पाठवा.

आजीला सांगा, बोंबील मीच साफ करीन. विसर पडू देऊ नका.

तुमचा,
प्रितम


॥ श्री ॥
पडघा
९ जुलै २००६

चि. प्रितम यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. एकात 'हो' लिहिलं होतं, पण अक्षर इतकं कापरं आलं की ते 'हं' वाटायला लागलं. आजी माझ्याशी दोन दिवस बोलत नाही. काल भात वाढताना भिंतीला म्हणाली की मास्तरची वृत्तं पाठ हायेत, पण एक अक्षर लिवता येत न्हाय.

तिचं खरं आहे. मी तुमच्या त्या डोंगरावरचं पुन्हा पुन्हा वाचतो. मुलगी लंगडली तेव्हा तू तिला बसवलंस, हरीण गेलं तेव्हा ती हसली, हे वाचून मला बरं वाटतं. मग पान उलटलं की पुन्हा गोंधळ. ती इथे आली तर काय बोलायचं? इंग्रजी मला पाठ्यपुस्तकातलं येतं. तिला अंगणातलं शेवाळ दाखवायचं का? बाबांच्या पट्ट्या तिला द्याव्यात की तुला? तू म्हणतोस तू तिकडचा नाहीस. मग माणूस कुठला असतो रे? जिथे त्याचे पाय ओळखू येतात तिथला, असं मला वाटतं. तुझे मला आता ओळखू येतील की नाही, हीच भीती आहे, दुसरी कुठलीच नाही. ती एकदा कागदावर उतरली हे बरं झालं.

पाऊस सकाळपासून एकसारखा आहे. वीज गेली आहे. दाराशी खुर्ची ओढून उजेडात लिहितो आहे. भिवंडीहून येणारी एस.टी. आत्ताच थांबून गेली, म्हणजे साडेचार

प्रितम, थांब. मला काहीतरी ऐकू येतंय. आजीला विचारलं, ती म्हणते पन्हळ वाजतेय. पन्हळ नव्हे. मला कमी ऐकू येत असेल, पण हे मी चुकणार नाही. गल्लीच्या तोंडाकडून. धप्प... चुळ. धप्प... चुळ. डावा गुरू, उजवा लघू. पेन सोडवत नाही. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली.

पायरीशी आलं. एक उंच, गोरी, नखशिखांत भिजलेली मुलगी, पाठीला पिशवी, हातात भिजून लगदा झालेला कागद. गुडघ्यापर्यंत गेटर. गल्लीतला सगळा चिखल त्यांच्यावर, आणि वर विजारीला एक शिंतोडा नाही. डाव्या बुटाखाली काळ्या टायरची पट्टी, तिच्यावरची नक्षीसुद्धा दिसते आहे. ती माझ्याकडे बघून हसते आहे. आजी इधर, इधर म्हणत पुढे धावली आहे, आणि ती आपलंच नाव ऐकून मान डोलावते आहे.

पत्र इथेच ठेवतो. दुसरी मात्रा सापडली. तुला पोस्टाने मिळेपर्यंत तिला तोंडीच देतो.

तुझा,
आजोबा