देवराईत पुरलेले लुगडे

२ ऑगस्ट, रामनगर
प्रतिज्ञा : गाव वाढत देवराईला भिडले, म्हणून देवराईची माती मेली. हे सिद्ध करावयाचे. पंचायतीत प्लॉटांचा दुसरा टप्पा थोपवायचा तर पुरावा हवा.
जिवंत माती सुती कापड खाते. मेलेली खात नाही. पत्नीच्या, सुमतीच्या, लुगड्याचे दोन तुकडे पुरले : एक दूर गुंद गावच्या रानात, एक देवराईच्या मध्यावर. खणावयास पारूअक्का, आठ वर्षे देवराई झाडणारी. "मास्तर, वैनींचं लुगडं पुरतासा? जीव कसा झाला वो?"
सुमतीला जाऊन सहा वर्षे झाली. कापड ते कापड, असे सांगितले.

१९ सप्टेंबर
भर दुपारी देवराईतून झाडूचा आवाज. पारूअक्का माहेरी, गुंदला. नोंदण्याजोगे नाही. तरी...

४ ऑक्टोबर
गुंदचा तुकडा : चार धागे. बाकी माती.

५ ऑक्टोबर
देवराईतला सबंध. सुमतीने फाटके जोडून घातलेल्या दंडाचे टाके मोजता येतात. ते कापड घरात आणवले नाही.
निगमन सिद्ध. अर्ज तयार.

६ ऑक्टोबर
पारूअक्काला अर्ज वाचून दाखविला. हसली. "लुगडं फाडून उरलेला तिसरा तुकडा तुमी टाकलासा, त्यो म्या त्याच दिशी नागाच्या कोपऱ्यात पुरला. वैनींचं कापड उघड्यावर कसं ठेवू?"
तो कोपरा प्लॉटांच्या भिंतीला लागून. नागाच्या भयाने तिथे झाडू लागत नाही. खणले. काठाची दोरी तेवढी हाती आली.
"गाव तर हितं हातभर हाय. मग ही माती का न्हाई मेली?"
मी भिंतीपर्यंतचे अंतर मोजले.
"देवाचा पातेरा उचलू न्हाई, मास्तर. तुमीच झाडायला लावलासा. बागंवानी चकाचक पायजे म्हून."
सुमतीही हेच म्हणाली होती. "पान उचलू नका, ती त्या मातीची भाकरी." मी तिला पुरावा मागितला होता.

८ ऑक्टोबर
कबुली : हेतू, म्हणजे दिलेले कारण, चुकला. प्लॉटांत आलेल्यांना देवराई बागेसारखी हवी होती. विश्वस्त या नात्याने मी होकार दिला आणि आठ वर्षे पाचोळा बाहेर टाकविला. गाव भिंतीशी थांबले होते. ते मी आत नेले.
हा कागद अर्जाला जोडला तर प्लॉटवाले तोच वाचून दाखवतील. न जोडला तर अर्ज खोटा. बैठक सोमवारी.
झाडू पारूअक्काकडून मागून घेतला. माझ्या दाराआड आहे. देवराईतून आवाज येतोच.

(सही) वामन